भित्रा कोण : उंदीर की उंदरीण?

अंधाऱ्या खोलीत जायला एखादा मुलगा कचरला, तर त्याला आपण ‘भित्री भागूबाई’ म्हणून चिडवतो. घाबरणारा मुलगा, पण नाव मात्र बाईचे! भित्रा भागोजी किंवा भित्रा भाऊराव कुणाच्या ऐकिवात नाही. भीती ही वस्तू भाषेनेच बायकांच्या पदरात कायमची बांधून टाकली आहे.

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतील उंदरांवर मराठी भाषेचे संस्कार झालेले नसतात, म्हणून त्यांच्याकडे पाहणे मोठे मौजेचे ठरते. रिकाम्या, अनोळखी आणि लख्ख उजेडाच्या रिंगणात एक नर आणि एक मादी आळीपाळीने सोडली, तर जास्त फिरते, जास्त ठिकाणी नाक खुपसते, मागच्या पायांवर उभे राहून जास्त वेळा कानोसा घेते ती बहुधा मादी. भिंतीशी अंग चोरून बसतो तो बहुधा नर. हे निरीक्षण बरेच जुने आहे आणि पुनःपुन्हा पडताळून पाहिलेले आहे. परंतु त्याचा अर्थ काय लावायचा, यावर शास्त्रज्ञांचे जे भांडण जुंपले ते पुरते मिटलेले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय उंदीर जितका आहे, तितकाच हे भांडणही आहे.

आधी उंदीर प्रयोगशाळेत आला कसा, ते थोडक्यात सांगतो. आपल्या घरात भांड्यामागे खुडबुडणाऱ्या छोट्या उंदराशी त्याचा संबंध दूरचा. हा अंगाने मोठा, ‘नॉर्वे उंदीर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचा, पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला, बहुधा पांढरा आणि लाल डोळ्यांचा. अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात विलर्ड स्मॉल या संशोधकाने १९०१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने उंदरांसाठी जी भूलभुलैया बांधली होती तिचा आराखडा लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या बागेतून उचललेला होता. राजेरजवाड्यांच्या पाहुण्यांना चकवण्यासाठी केलेली झुडपांची वाट उंदराच्या वाट्याला आली! तेव्हापासून ‘उंदीर आणि वाट’ ही जोडी मानसशास्त्रात जी जमली ती जमलीच.

आपल्याला हवे असलेले रिंगण मात्र १९३४ सालचे. कॅल्व्हिन हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला उंदराची ‘भावनाशीलता’ मोजायची होती. उंदीर काही आपल्या मनाची अवस्था सांगत नाही. म्हणून हॉलने सुमारे चार फूट व्यासाचे एक गोल, उजळ रिंगण घेतले, भोवती भिंत उभारली आणि त्यात एकेक उंदीर सोडून दोन गोष्टी टिपल्या : तो किती फिरतो आणि किती लेंड्या टाकतो. वाचकांनी नाक मुरडू नये. भीतीने पोटात गोळा येणे, ऐन परीक्षेच्या सकाळी वारंवार शौचाला जावे लागणे, हे अनुभव कुणाला नवीन नाहीत. हॉलने एक पुरावाही दिला. जे उंदीर रिंगणात जास्त लेंड्या टाकीत, ते पोटात भूक असूनही समोरच्या अन्नाला तोंड लावीत नसत. शिवाय त्याच उंदराला रोज रोज त्याच रिंगणात आणले की लेंड्यांची संख्या उतरत जाई. तेव्हा लेंड्या म्हणजे भीती, हे समीकरण चांगले बसले. पुढे लंडनमध्ये ब्रॉडहर्स्ट यांनी जास्त लेंड्या टाकणाऱ्या आणि कमी लेंड्या टाकणाऱ्या उंदरांची वेगवेगळी वंशावळच तयार केली. इतका या मोजमापावर विश्वास होता.

आता नर आणि मादी यांची तुलना करा. नर कमी फिरतो आणि लेंड्या जास्त टाकतो. मादी जास्त फिरते आणि लेंड्या कमी टाकते. हॉलच्या समीकरणाने उत्तर सरळ निघते : उंदरांमध्ये नर भित्रा. ऑक्सफर्डचे जेफ्री ग्रे यांनी नेमके हेच म्हटले. १९७१ साली ग्रे आणि बफरी यांनी एक मोठा सिद्धान्त मांडला. कृंतकांत, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांत, नर अधिक भित्रा असतो; वानर आणि मानव यांच्यात मात्र मादी अधिक भित्री असते; आणि या उलटापालटीला प्रत्येक जातीच्या समाजरचनेत कारण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पाहा, उंदराच्या लेंड्यांवरून निघालेली गाडी किती झटकन मनुष्याच्या स्त्रीपर्यंत येऊन पोहोचली!

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात जॉन आर्चर यांनी त्यांना उत्तर दिले, आणि पुढील काही वर्षांत या चाचण्यांचा सविस्तर आढावाही घेतला. त्यांचा आक्षेप साधा होता, म्हणूनच तो जबर होता. भीती मोजण्याच्या म्हणून ज्या निरनिराळ्या चाचण्या आहेत, त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. एका चाचणीत भित्रा ठरलेला उंदीर दुसरीत तसा ठरेलच असे नाही. ‘भावनाशीलता’ नावाची एकच वस्तू उंदराच्या आत असती, तर कोणत्याही मापाने मोजली तरी ती थोडीफार सारखी भरायला हवी होती. आणि जास्त फिरणे म्हणजे कमी भीती हे तरी कशावरून? रिंगणात धावणारा प्राणी कुतूहलाने हिंडत असेल, किंवा बाहेर पडण्याची वाट शोधत असेल, किंवा पिंजऱ्यातल्या सोबत्यांना हुडकत असेल. चौकोन ओलांडल्याच्या संख्येत या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. मला स्वतःला या वादात आर्चर यांची बाजू अधिक पटते.

तथापि भेद आहे, हे कोणी नाकारीत नाही. तो येतो कोठून? लहान वयाच्या पिलांत तो फारसा दिसत नाही. उंदीर वयात आले की स्पष्ट होतो. त्यामुळे संशय साहजिकच संप्रेरकांवर जातो. उंदराच्या मादीचे ऋतुचक्र अवघे चार-पाच दिवसांचे असते. १९२३ साली वांग या संशोधकाने पिंजऱ्यात फिरते चाक बसवून दाखवून दिले, की मादी दर चौथ्या-पाचव्या दिवशी, म्हणजे माजावर येण्याच्या सुमारास, चाकावर इतर दिवसांपेक्षा कितीतरी अधिक धावते. अंडाशय काढून टाकले की ही भरती-ओहोटी थांबते. निसर्गाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. ज्या रात्री नर भेटणे आवश्यक, त्या रात्री बिळात बसून कसे चालेल?

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. नुकत्याच जन्मलेल्या मादी-पिलाला पहिल्या काही दिवसांत टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक टोचले, तर ती मोठेपणी रिंगणात नरासारखी, म्हणजे कमी, फिरते. म्हणजे मोठेपणीच्या रक्तात काय वाहते एवढ्यावरच वर्तन ठरत नाही; मेंदूची घडण आयुष्याच्या पहिल्या आठवड्यातच काही प्रमाणात ठरून जाते. आणि येथे निसर्गाने एक मोठी गंमत करून ठेवली आहे. नर-पिलाच्या मेंदूत पोहोचलेल्या टेस्टोस्टेरॉनचे तेथे इस्ट्राडिओलमध्ये रूपांतर होते, आणि उंदराच्या मेंदूला नराचे वळण मुख्यतः ते लावते. इस्ट्राडिओल म्हणजे ज्याला आपण पाठ्यपुस्तकात ‘स्त्री-संप्रेरक’ म्हणून पाठ करतो, तेच! मग मादी-पिलांचे मेंदू नराच्या वळणाचे का होत नाहीत? कारण पिलांच्या रक्तातील एक प्रथिन इस्ट्राडिओलला धरून ठेवते, मेंदूपर्यंत जाऊ देत नाही. टेस्टोस्टेरॉनला मात्र ते अडवीत नाही. पुरुषी आणि बायकी अशी लेबले बाटल्यांवर चिकटवून मोकळे होणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

आतापर्यंत आपण ‘फिरणे’ हा शब्द फार ढिलाईने वापरला. उंदीर फिरतो म्हणजे नेमके काय करतो? चौकोन मोजणाऱ्यांनी हा प्रश्न अर्धे शतक स्वतःला विचारलाच नाही. इस्राएलमधील डेव्हिड आयलम आणि इलान गोलानी यांनी तो विचारला आणि १९८९ साली त्याचे फार सुंदर उत्तर दिले. अनोळखी जागेत सोडलेला उंदीर दिशाहीन भटकत नाही. तो थोड्याच वेळात एक जागा आपली म्हणून ठरवतो. तेथे तो सर्वांत जास्त वेळ थांबतो, सर्वांत जास्त वेळा परत येतो, तेथे अंग चाटून साफ करतो. या घरापासून तो फेऱ्या काढतो. जाताना हळू, थबकत, नाक हलवीत. परतताना मात्र सरळ आणि वेगात. एका फेरीत तो किती वेळा थांबेल यालाही मर्यादा असते. काही थांबे झाले की पुढे जाण्याऐवजी घरी परतण्याचा ओढा वाढत जातो आणि मग तो परततोच.

परगावी एस.टी.तून उतरलेल्या माणसाला आठवावे. स्टँडवरचा एखादा बाक तो हेरतो, तेथे पिशवी ठेवतो, चहाच्या टपरीपर्यंत जाऊन येतो, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग जरा पुढे. आणि दर खेपेला परत बाकाशी. जाताना पाट्या वाचीत जातो, येताना थेट येतो. बाक मात्र कोणाच्या नावावर नसतो! महाविद्यालयाच्या पहिल्या आठवड्यात सूचनाफलकापाशी घुटमळणारी मुले याहून निराळे काय करीत असतात?

या दृष्टीने पाहिले की ‘कोण जास्त चौकोन ओलांडतो’ हा प्रश्नच काहीसा भोंगळ वाटू लागतो. एकाच आकड्यात घर करणे, फेरी काढणे, थांबणे आणि परतणे या चारही क्रिया कोंबलेल्या असतात. नर आणि मादी यांच्यात फरक असेल, तर तो यांतल्या नेमक्या कोणत्या क्रियेत आहे, हे आकडा सांगत नाही.

अशीच अडचण दुसऱ्या एका प्रसिद्ध चाचणीत आली. जमिनीपासून उंच, अधिकच्या चिन्हासारखी चार फाट्यांची एक पट्टी असते. दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. उघड्या फाट्यावर जाणारा उंदीर कमी चिंताग्रस्त, असा या चाचणीचा अर्थ लावला जातो, आणि चिंतेवरची औषधे तपासण्यासाठी ती जगभर वापरली जाते. येथेही मादी उघड्यावर अधिक जाते. परंतु १९९९ साली फर्नांडिस, फाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संख्याशास्त्राच्या साहाय्याने या वर्तनाचे घटक वेगळे काढले, तेव्हा असे दिसले की नरांच्या वर्तनाचा मोठा भाग चिंतेने उलगडतो, तर माद्यांच्या वर्तनाचा मोठा भाग मुळातल्या हालचालीच्या प्रमाणाने. म्हणजे तीच पट्टी, तेच फाटे, पण नरात ती एक गोष्ट मोजते आणि मादीत दुसरी! एकाच फूटपट्टीने कापड आणि दूध मोजण्याचा हा प्रकार झाला.

आता चित्र उलटे करणारा पुरावा पाहू. १९८१ साली रिचर्ड मॉरिस यांनी पाण्याचा हौद वापरून एक चाचणी प्रसिद्ध केली. गढूळ केलेल्या पाण्याच्या पृष्ठभागाखाली एक छोटा चौथरा लपवलेला असतो. उंदराला पोहत पोहत तो शोधायचा असतो, आणि खोलीतल्या खुणांवरून त्याची जागा ध्यानात ठेवायची असते. येथे अनेक प्रयोगांत नर पुढे असतात. माद्या हौदाच्या कडेकडेने अधिक काळ पोहत राहतात. कोरड्या रिंगणात भिंत सोडून धीटपणे मध्ये येणारी तीच मादी पाण्यात मात्र भिंत धरून राहते! मग भित्री कोण आणि धीट कोण?

सुरुवातीला या निकालाचा अर्थ लावला गेला तो असा, की जागेची आणि दिशेची समज नरांत श्रेष्ठ. हे अनुमान माणसांपर्यंत नेण्याची घाई येथेही झाली. पण १९९६ साली कॅनडातील पेरो-सिनाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा बदल केला. खऱ्या परीक्षेपूर्वी उंदरांना पाणी, पोहणे आणि चौथरा यांची आधी ओळख करून दिली. मग पुढच्या परीक्षेत नर-मादीमधला भेद उरलाच नाही. माद्यांना जागा समजत नव्हती असे नव्हे. नव्या परिस्थितीचा ताण त्यांनी निराळ्या रीतीने घेतला होता, एवढेच. ज्याला बुद्धीचा फरक म्हटले, तो पहिल्या दिवसाच्या अनोळखीपणाचा फरक निघाला.

याचा अर्थ वाट लक्षात ठेवण्याच्या पद्धतीत काही भेदच नाही, असाही नव्हे. १९९० साली क्रिस्टिना विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक फाट्यांच्या भूलभुलैयाभोवतीची खोली बदलून पाहिली. कधी खोलीतल्या वस्तू हलवल्या, कधी खोलीचा आकारच पडदे लावून बदलला. नरांची भिस्त मुख्यतः खोलीच्या आकारावर होती. माद्या आकारही पाहत आणि वस्तूंच्या खुणाही. जन्मतःच खच्ची केलेले नर माद्यांच्या रीतीने वाट शोधत, आणि जन्मतः इस्ट्राडिओल दिलेल्या माद्या नरांच्या. यांतली कोणती रीत वरची, हे ठरवायला काही आधार नाही. वस्तू हलवणारा प्रयोगकर्ता एकीला चकवील, भिंती हलवणारा दुसऱ्याला.

उत्क्रांतीच्या अंगाने या भेदाचे एक स्पष्टीकरण बरेच गाजलेले आहे. गॉलिन आणि फिट्झजेरल्ड यांनी १९८६ व १९८९ साली व्होल नावाच्या, शेतउंदरासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या काही जातींची तुलना केली. ज्या जातीत एकेक नर अनेक माद्यांच्या शोधात दूरवर हिंडतो, त्या जातीत नर भूलभुलैयात माद्यांपेक्षा सरस ठरले. जोडीने राहणाऱ्या जातींत तसा भेद आढळला नाही. प्रयोग सुबक आहे. पण व्होलवरून उंदरावर आणि उंदरावरून माणसावर उड्या मारताना मध्ये किती खंदक आहेत, ते मोजलेले बरे. २००५ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब झाला, तेव्हा उंदरांत दिसणारा नरांचा वरचष्मा त्यांच्याहून लहान असलेल्या पांढऱ्या मूषकांत फारसा दिसला नाही. या दोघांत एवढे अंतर, तर पुढचे बोलायलाच नको.

आणखी एक मजेशीर शोध २०१४ सालचा. मॉन्ट्रियलमध्ये जेफ्री मॉगिल यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले, की प्रयोग करणारा पुरुष असेल तर उंदरांच्या शरीरात तणावाची लक्षणे उमटतात. स्त्री असेल तर तशी उमटत नाहीत. पुरुषाने घातलेला सदरा नुसता जवळ ठेवला तरी तोच परिणाम! उंदीर वासाने ओळखतात. तेव्हा गेल्या शंभर वर्षांत रिंगणाशेजारी वही घेऊन उभे राहिलेल्या मंडळींनी उंदराची भीती किती मोजली आणि आपल्याच सदऱ्याचा वास किती मोजला, कोण जाणे.

यावर कोणी म्हणेल, की डोंगर पोखरून अखेर उंदीरच काढलात. उंदरीण फिरो अथवा न फिरो, आपल्याला काय त्याचे? त्याचे उत्तर औषधांच्या दुकानात आहे. मेंदूवरची नवी औषधे आणि नव्या कल्पना आधी अशाच प्राण्यांवर तपासल्या जातात. २०११ साली बीरी आणि झुकर यांनी जीवशास्त्रातील शोधनिबंध चाळले. मेंदूशास्त्राच्या ज्या प्रयोगांत एकाच लिंगाचे प्राणी वापरले होते, त्यांत केवळ नरांवरचे प्रयोग केवळ माद्यांवरच्या प्रयोगांच्या साडेपाच पट निघाले. याचे कारण विचाराल, तर सर्वांच्या तोंडी एकच असे : माद्यांचे ऋतुचक्र. दर चार दिवसांनी मादी बदलते, तिचे आकडे विखुरतात, हिशेब बिघडतो. त्यापेक्षा नर बरा, स्थिर! हे कारण इतके उघड वाटत होते, की ते तपासून पाहण्याचे कोणाच्या मनात आले नाही. तपासले तेव्हा, २०१४ साली मूषकांच्या बाबतीत आणि २०१६ साली उंदरांच्या बाबतीत, असे आढळले की ऋतुचक्राकडे लक्ष न देता घेतलेल्या माद्यांचे आकडे नरांच्या आकड्यांपेक्षा अधिक विखुरलेले नसतात. ‘लहरी’ हे विशेषण माद्यांना पुराव्यावाचून चिकटले होते.

माणसांच्या बाबतीत ‘पुरुष हेच प्रमाण’ या सवयीची किंमत किती, याचे एक उदाहरण पुरे आहे. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते, त्यामुळे सकाळी उठून गाडी चालवतानाही त्याचा अंमल उरलेला असू शकतो. औषध वर्षानुवर्षे सर्वांना सारख्याच मात्रेत दिले जात होते. २०१३ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेने स्त्रियांसाठी नेहमीच्या गोळीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली. प्राण्यांवरच्या संशोधनातही दोन्ही लिंगांचा विचार व्हावा, ही अपेक्षा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्या अनुदानासाठी २०१६ सालापासून लागू केली.

पण पिंजऱ्यात माद्या आणून ठेवल्या म्हणजे काम झाले, असे नाही. फूटपट्टी जुनीच असेल तर काय होते, ते २०१५ साली बॉस्टनमध्ये रिबेका शान्स्की यांच्या प्रयोगशाळेत दिसले. भीती शिकण्याचा नेहमीचा प्रयोग असा : एक सूर वाजवायचा, लगेच पायाला विजेचा हलका झटका द्यायचा. काही वेळा असे झाले, की नुसता सूर ऐकताच उंदीर जागच्या जागी थिजतो. किती सेकंद थिजला, तितकी त्याची भीती, तितके त्याचे शिकणे. या मापाने काही माद्या मठ्ठ ठरत. सूर वाजला तरी त्या थिजत नसत. चित्रफिती बारकाईने पाहिल्यावर कळले, की सूर वाजताच त्या पिंजऱ्यातून बाणासारख्या इकडून तिकडे झेपावत होत्या. सूर त्यांना पुरेपूर कळला होता. फक्त त्यांचे उत्तर निराळे होते. नरांतही असे झेपावणारे सापडले, पण थोडे. वहीत मात्र झेपावण्यासाठी रकानाच नव्हता, त्यामुळे तोवर त्यांच्या नावापुढे शून्य पडत होते.